एका अणूच्या जाडीची ताकद कशी मोजतात?

हुबळीच्या विद्यानगरात १९४७ साली सुरू झालेले बी. व्ही. भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय आज केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. अशा कोणत्याही अभियांत्रिकी संस्थेत विद्यार्थी पोलादाची सळई यंत्राच्या जबड्यात धरून तुटेपर्यंत ताणतात आणि तिची ताकद आकड्यांत मांडतात. पण सळईऐवजी एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा ताणायचा असेल, तर त्याला धरणारा जबडा कुठून आणायचा?

पेन्सिलीतील ग्राफाइट ही अशाच पापुद्र्यांची चळत आहे. दोन थरांतील अंतर सुमारे ०.३३५ नॅनोमीटर. थरातले बंध अत्यंत बळकट, थराथरांतले मात्र दुबळे. म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. यातला एकच थर म्हणजे ग्राफीन.

जबड्याचे काम येथे सुई करते. बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी १९८६ साली मांडलेला अणुबल सूक्ष्मदर्शक नावाने सूक्ष्मदर्शक असला, तरी तो पाहत नाही, चाचपतो. लवचिक पट्टीच्या टोकाला अतिसूक्ष्म सुई असते. पट्टी किती वाकली हे तिच्यावरून परावर्तित होणारा लेझर सांगतो आणि त्यावरून बळ कळते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २००८ साली संशोधकांनी सुमारे एक ते दीड मायक्रॉन व्यासाच्या खळग्यांवर ग्राफीन पसरले, घुमटावर चामडे ताणावे तसे, आणि मध्यभागी हिऱ्याची सुई दाबत नेली. पापुद्रा फाटला त्या क्षणीच्या बळावरून त्याची ताकद सुमारे १३० गिगापास्कल निघाली. बांधकामाच्या पोलादाच्या ती शेकडो पट. या आकड्याचा पुढे फार गाजावाजा झाला. तो निर्दोष, इवल्याशा तुकड्याचा आहे, हे सांगायचे मात्र बहुधा राहून गेले. मोठ्या पत्र्यात दोष असतातच आणि फाटण्याची सुरुवात तिथूनच होते.

दाबण्याऐवजी तीच सुई पृष्ठावरून सरकवली, तर वेगळीच गोष्ट दिसते. ग्राफाइट हे जुने वंगण. तेव्हा एक थरही तितकाच निसरडा असावा, असे वाटेल. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एकाच थरावर घर्षण सर्वांत जास्त आढळले. पाय ओढत चालणाऱ्यापुढे सतरंजी गोळा व्हावी, तशी सुईपुढे पापुद्र्याला सुरकुती पडते. थर वाढले की पापुद्रा ताठ होतो आणि घर्षण उतरते. सूक्ष्म यंत्रांत वंगणाचे थर किती द्यायचे, हा प्रश्न या सुरकुतीपाशी येऊन थांबतो. तेच ग्राफीन अभ्रकाच्या पृष्ठावर घट्ट चिकटलेले असेल, तर सुरकुती उठत नाही. मग थर एक असो वा चार, घर्षणात तसा फरक राहत नाही.