वंशावळ नसलेला याजक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एरंडोलला आमच्या लहानपणी सुगी आटोपली की भाट येत असे. शेजारच्या पाटलांच्या ओट्यावर घोंगडी अंथरली जायची, भाट आपली लांबलचक वही उघडायचा आणि घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावे एका सुरात वाचून दाखवायचा. कोण कुठल्या गावाहून आला, कोणाला किती मुलगे, कोणाची सोयरीक कुठे झाली. गेल्या वर्षभरात जन्मलेल्या मुलांची नावे लिहून झाली की त्याला धान्य, कापड आणि दक्षिणा मिळे. आम्ही मुले डोळे विस्फारून ऐकत बसायचो.

एकदा तो उठता उठता आमच्या दाराशी थांबला आणि ओसरीवर रंधा मारत बसलेल्या आजोबांना त्याने अहिराणीत विचारले, "तुमनी वही कोणकडे शे?" आजोबा हसले आणि म्हणाले, "मनी वही कोरी शे, बाबा."

ते विनोद करत नव्हते. संवत १९५६ च्या, म्हणजे सन १८९९-१९०० च्या दुष्काळात आजोबा चार-पाच वर्षांचे होते. खानदेशात आजही जुनी माणसे त्याला 'छप्पनचा काळ' म्हणतात. कोणीतरी त्यांना रस्त्याच्या कडेला उचलले आणि मिशनऱ्यांच्या एका अनाथाश्रमात नेऊन सोडले. तिथे त्यांना नाव मिळाले, सुतारकाम मिळाले आणि धर्मही मिळाला. आई-बापांच्या नावाची जागा मात्र रिकामी राहिली, कारण ती सांगणारे कोणी उरले नव्हते.

त्या संध्याकाळी मी आजोबांना विचारले, "आपली वही का नाही?" त्यांनी बायबल काढून मला एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याचे नाव मलकीसदेक. आज त्याच्याविषयी सांगायचे आहे.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात, तो अवघ्या तीन ओळींपुरता येतो. प्रसंग लढाईचा आहे. चार राजांनी पाच राजांचा पाडाव करून सदोम नगर लुटले आणि लुटीबरोबर अब्राहामाचा पुतण्या लोट यालाही नेले. अब्राहामाचे नाव तेव्हा अब्राम होते. त्याने आपली ३१८ माणसे घेऊन पाठलाग केला आणि सारे सोडवून आणले. परतीच्या वाटेवर त्याला दोन राजे भेटतात. एक सदोमचा, दुसरा शालेमाचा. शालेमाचा राजा मलकीसदेक थकलेल्या माणसांसाठी भाकर आणि द्राक्षारस घेऊन येतो. हा राजा परात्पर देवाचा याजकही आहे, असे तिथे सांगितले आहे. याजक म्हणजे इतरांच्या वतीने यज्ञ-अर्पण करणारा. तो अब्रामाला आशीर्वाद देतो आणि अब्राम त्याला लुटीचा दहावा हिस्सा देतो. त्यानंतर सदोमचा राजा म्हणतो, माणसे मला दे, माल तू ठेव. अब्राम त्याच्याकडून जोड्याचा बंदसुद्धा घ्यायला नकार देतो. गोष्ट संपते आणि मलकीसदेकही नाहीसा होतो.

तो कुठला, कोणाचा मुलगा, कधी वारला, काहीच सांगितलेले नाही. हे मुलखावेगळे आहे, कारण उत्पत्तीचे पुस्तक वंशावळींनी भरलेले आहे. आमच्या भाटाच्या वहीसारखेच त्यात अध्यायच्या अध्याय अमक्याचा पुत्र तमका असे चालते. त्या गर्दीत हा एवढा मोठा माणूस, ज्याच्यापुढे अब्राहामासारखा मूळपुरुष मान लववतो, तो मात्र मागचे-पुढचे काही न सांगता येतो आणि जातो.

पुढे जुन्या करारात त्याचे नाव एकदाच येते, ११० व्या स्तोत्रात. तिथे देव एका राजाला शपथेवर सांगतो की, मलकीसदेकासारखा तू युगानुयुग याजक आहेस. या वाक्याचे वजन समजण्यासाठी इस्राएली समाजाची घडण ध्यानात घ्यायला हवी. तिथे याजकपण लेवीच्या वंशातल्या अहरोनाच्या घराण्याकडे होते आणि राजपद यहूदाच्या वंशातल्या दावीदाच्या घराण्याकडे. दोन्हींची सरमिसळ चालत नसे. उज्जीया राजा धूप जाळायला मंदिरात शिरला तेव्हा याजकांनी त्याला अडवले आणि त्याच्या कपाळावर कोड उठले, अशी कथा आहे. बाबेलच्या बंदिवासातून लोक परत आले तेव्हा काही याजक घराण्यांना आपली नावे वंशावळीच्या नोंदीत सापडेनात. एज्राच्या पुस्तकात लिहिले आहे की त्यांना अशुद्ध ठरवून याजकपणातून वगळले. वहीत नाव नाही म्हणून माणूस बाद झाला.

आपल्याला हे परके वाटू नये. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्याचे शौर्य पाहत नाहीत, त्याचे कुळ विचारतात, आणि कर्णाची मान खाली जाते. आमच्या एरंडोलला लोक एकचक्रानगरी मानतात. पांडव तिथे ब्राह्मणांच्या वेषात राहिले, तेही कुळ लपवूनच. इतिहासात यावे तर १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक करायचा तर वंशाचा प्रश्न आधी सोडवावा लागला. भोसल्यांचे मूळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेणारी वंशावळ पुढे आली आणि गागाभट्टांनी विधी केला. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ च्या सुमारास, कोल्हापुरात शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही असे त्यांचेच पुरोहित सांगू लागले. महाराजांनी तो वाद शेवटपर्यंत लढवला आणि १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे नवे पीठ उभे केले. सिंहासनावर बसलेल्या माणसालाही 'तुझे कुळ कोणते' हा प्रश्न चुकला नाही. मग रस्त्याच्या कडेला सापडलेल्या पोराची काय कथा?

आता ख्रिस्ती माणसांकडे येऊ. येशू यहूदाच्या वंशातला, लेवीच्या नव्हे. तेव्हा पहिल्या शतकातल्या यहुदी ख्रिस्ती लोकांपुढे सरळ अडचण होती. ज्याला मंदिरात वेदीजवळ उभे राहण्याचाही अधिकार नाही, त्याला आपण देव आणि माणूस यांच्यामधला महायाजक कसे म्हणायचे? नव्या करारातल्या 'इब्री लोकांस पत्र' या पुस्तकाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. नव्या करारात मलकीसदेकाचे नाव घेणारे तेवढे एकच पुस्तक.

त्या लेखकाची मांडणी वकिलासारखी आहे. तो आधी नावांचा अर्थ लावतो. मलकीसदेक म्हणजे न्यायीपणाचा राजा आणि शालेमाचा राजा म्हणजे शांतीचा राजा. मग तो शास्त्रातल्या मौनाकडे बोट दाखवतो. या याजकाला बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही, जन्माचा आरंभ नाही, आयुष्याचा शेवट नाही. म्हणजे तो आभाळातून पडला असे नव्हे. शास्त्राने त्याच्याविषयी ते सांगितले नाही आणि तरीही त्याला याजक म्हटले, एवढाच मुद्दा आहे. त्यापुढे तो विचारतो, आशीर्वाद कोण कोणाला देतो? मोठा लहानाला. दशमांश कोण कोणाला देतो? इथे आशीर्वाद घेणारा आणि दशमांश देणारा अब्राहाम आहे, आणि लेवी तर तेव्हा जन्मायचा होता. म्हणजे लेवीने आपल्या पणजोबाच्या हातून याला दशमांश दिला म्हणायचे. तेव्हा लेव्यांच्या याजकपणाहून जुने आणि थोर असे दुसरे याजकपण आधीपासूनच आहे आणि स्तोत्राने त्याचीच शपथ वाहिली आहे. येशू त्या परंपरेतला. त्याचा अधिकार रक्ताच्या नात्याने आलेला नाही, मरणाने न संपणाऱ्या जीवनाने आला आहे.

आजोबांच्या मराठी बायबलात त्या परंपरेसाठी 'संप्रदाय' असा शब्द होता. मला तो फार समर्पक वाटतो. घराणे रक्ताने चालते, संप्रदाय दीक्षेने चालतो. वारकरी संप्रदायात नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, चोखोबा महार एका माळेत आले ते कुळामुळे नव्हे. मराठी वाचकाच्या मनात त्या एका शब्दाने जे उभे राहते, त्यासाठी इतर भाषांत परिच्छेद लिहावा लागेल.

मलकीसदेकाविषयी इतरांनीही पुष्कळ विचार केला आहे. यहुदी आचार्यांपैकी अनेकांनी त्याला नोहाचा पुत्र शेम ठरवले, म्हणजे वंशावळ नसलेल्याला त्यांनी वंशावळ मिळवून दिली. मृत समुद्राकाठी कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ साली जे लेख सापडले, त्यांतल्या एकात मलकीसदेक शेवटच्या काळी न्याय करणारा आणि बंदिवानांना सोडवणारा स्वर्गीय पुरुष आहे. इजिप्तमध्ये १८८७ साली मातीच्या विटांवर लिहिलेली जी पत्रे मिळाली, त्यांत यरुशलेमच्या अब्दी-हेबा नावाच्या राजाची पत्रे आहेत, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातली. तोही फारोला लिहितो की ही गादी मला आईने किंवा बापाने दिलेली नाही, आपल्या बलवान बाहूने दिली. शालेम म्हणजे यरुशलेमच असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तेव्हा त्याच नगरातला हा शब्दप्रयोग वाचून गंमत वाटते.

ख्रिस्ती पंथांनीही त्याच्याकडे वेगवेगळ्या अंगांनी पाहिले. रोमन कॅथलिकांना त्याच्या भाकरीत आणि द्राक्षारसात मिस्साचा विधी दिसतो. त्यांच्या जुन्या प्रार्थनेत हाबेल आणि अब्राहाम यांच्याबरोबर त्याचेही नाव घेतात. इटलीतल्या रावेन्ना इथल्या सहाव्या शतकातल्या चर्चच्या भिंतीवर, एका वेदीच्या एका बाजूला कोकरू घेतलेला हाबेल आणि दुसऱ्या बाजूला भाकर घेतलेला मलकीसदेक असे रंगीत खड्यांचे चित्र आहे. गंमत अशी की, इब्री लोकांस पत्रात त्या भाकरीचा उल्लेखच नाही. प्रॉटेस्टंट मंडळी पत्राच्या मुख्य मुद्द्यावर भर देतात. ख्रिस्त हा एकच महायाजक, तेव्हा मध्यस्थ घराण्याची गरज संपली आणि प्रत्येक विश्वासणारा याजक झाला.

मला स्वतःला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मलकीसदेक अब्राहामाच्या कुळातला नाही. तो त्या परमुलखातला, आधीपासून तिथे असलेला माणूस आहे, आणि तरीही तो देवाला ओळखतो. अब्राहाम त्याला शिकवायला जात नाही, त्याच्याकडून आशीर्वाद घेतो. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मलकीसदेकाची गोष्ट मनापासून वाचलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पंडिता रमाबाईंचे आई-वडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. पुढे त्यांनी केडगावला दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला आणि हिब्रू व ग्रीक शिकून अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, छापून झाले. आई नाही, बाप नाही, वंशावळ नाही, हे शब्द मराठीत उतरवताना त्यांच्यासमोर आश्रमातल्या मुली बसलेल्या असतील, असे माझ्या मनात नेहमी येते.

इथे आम्ही ख्रिस्ती लोकांनी थोडे आपल्याकडेही पाहायला हवे. रविवारी हे पत्र वाचायचे आणि सोमवारी मुलीसाठी स्थळ पाहताना हळूच विचारायचे, "मूळचे कोण तुम्ही?" आमच्यात हे चालते. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आमच्याच मंडळीतल्या एका सद्गृहस्थांनी तो प्रश्न वडिलांना विचारला होता. वडील म्हणाले, "आम्हाला माहीत नाही." पाहुण्यांना ते खरे वाटले नाही. काहीतरी लपवताहेत असे वाटून ते चहा अर्धा ठेवून उठले. बहिणीने आतल्या खोलीतून सगळे ऐकले. त्या दिवशी मला कळले की कोरी वही दाखवणे आजोबांना जितके सोपे गेले, तितके सर्वांना जात नाही. शास्त्राने कोरी जागा मोठ्या मानाने पुढे ठेवली आहे. आपण मात्र ती भरायला निघालो आहोत.

आजोबा १९६६ साली गेले. त्यांच्या बायबलच्या पहिल्या पानावर कुटुंबाच्या नोंदी आहेत. ते पुस्तक आता माझ्याकडे असते. सर्वांत वर त्यांचे नाव, त्याखाली आजीचे, मग आम्हा सर्वांची, वेगवेगळ्या शाईत. आजोबांच्या नावाच्या वर त्यांनी दोन बोटे जागा मुद्दाम सोडली आहे. मागच्या वर्षी नातीचे नाव लिहायला मी ते पान उघडले. तिने विचारले, "इथे वर कोणाचं नाव लिहायचं राहिलंय?"

मी तिला शेजारी बसवले आणि उत्पत्तीचा चौदावा अध्याय काढला.