ग्राफीन शरीरात शिरताना

एक ग्रॅम ग्राफीनचा प्रत्येक थर सुटा केला, तर दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २६३० चौरस मीटर भरते, म्हणजे अर्ध्या एकराहून जास्त. कार्बनच्या अणूंची ही षटकोनी जाळी फक्त एका अणूइतकी जाड असते. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलून ती वेगळी केली. त्याबद्दल २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. इतक्या कमी वजनात इतका पृष्ठभाग म्हटल्यावर औषधशास्त्राचे लक्ष तिकडे वळणारच होते.

स्टॅनफर्डच्या होंगजिए दाइ यांच्या गटाने २००८ मध्ये याचा पहिला मोठा दाखला दिला. एसएन-३८ हे औषध कर्करोगाच्या पेशींवर जालीम असले तरी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. या गटाने ग्राफीन ऑक्साइडचे, म्हणजे ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनचे, अतिसूक्ष्म तुकडे घेतले आणि रक्तद्रवात त्यांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडल्या. औषधाचे सपाट रेणू त्या जाळीला आपोआप चिकटले आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींपर्यंत पोचले. दोन वर्षांनी चीनमधील सूचौ विद्यापीठात अशाच पापुद्र्यांवर निकट-अवरक्त लेसर सोडून उंदरांतील गाठी उष्णतेने नष्ट करण्यात आल्या.

पण शिरेतून दिलेल्या औषधाची गाठ आधी रक्ताशी पडते. याच जागी वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील देवव्रत दाश यांच्या गटाचे काम मला फार मोलाचे वाटते. २०११ मध्ये त्यांनी दाखवले की ग्राफीन ऑक्साइडमुळे प्लेटलेट्स चेतवल्या जाऊन एकमेकींना चिकटतात, आणि उंदरांच्या शिरेत ते टोचले तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी तुंबतात. एवढ्यावर या पदार्थावर फुली मारता आली असती. पण या गटाने पृष्ठभागाचे रसायन बदलून पाहिले. अमाइन हे नायट्रोजनयुक्त अणुसमूह जोडलेल्या ग्राफीनने प्लेटलेट्स चेतवल्या नाहीत, तांबड्या पेशी फोडल्या नाहीत, उंदरांच्या फुप्फुसांत गुठळ्याही केल्या नाहीत. जाळी कार्बनचीच राहिली. तिच्यावर काय बसवले आहे, यावर शरीराचा प्रतिसाद ठरला.

फुप्फुसांची चाचणी याहून उशिरा झाली. २०२१ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने ग्राफीनचे मास्क न वापरण्याचा सल्ला दिला. काही मास्क तपासून नंतर त्यांना मोकळीक मिळाली. म्हणजे वस्तू आधी लोकांच्या नाकातोंडावर गेली आणि तपासणी मागून आली. २०२४ मध्ये एडिंबरा आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी १४ निरोगी स्वयंसेवकांना अतिशुद्ध ग्राफीन ऑक्साइड नियंत्रित मात्रेत श्वासावाटे दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तदाब, फुप्फुसांची क्षमता, दाहाच्या खुणा यांवर काही परिणाम दिसला नाही. मात्र त्यांचे रक्त शरीराबाहेर तपासले तेव्हा गुठळी होण्याचे प्रमाण किंचित वाढलेले आढळले. वाराणसीहून मिळालेला इशारा इथे सौम्य रूपात पुन्हा भेटतो.

आज सर्वांत पुढे गेलेला उपयोग औषधाचा नाही, मेंदूवर ठेवायच्या विद्युतपट्टीचा आहे. ग्राफीन वीज उत्तम वाहते आणि मेंदूच्या घड्यांवर बसेल इतके लवचीक असते. बार्सिलोनाच्या इनब्रेन कंपनीची अशी पट्टी २०२४ मध्ये सॅलफर्ड रॉयल रुग्णालयात गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेदरम्यान प्रथमच माणसाच्या मेंदूवर ठेवली गेली. इथे पापुद्रे रक्तात सोडायचे नसतात. ते पट्टीतच पक्के बसवलेले असतात आणि काम झाले की पट्टी काढून घेता येते.

म्हणूनच ‘ग्राफीन सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. थर किती, तुकडा केवढा, पृष्ठभागावर कोणते रसायन, शरीरात वाट कोणती, मात्रा किती, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. कोविडच्या लशींत ग्राफीन असल्याची खोटी अफवा जगभर फिरली, कारण हा तपशील सामान्य माणसापर्यंत कोणी नेलाच नव्हता. ग्राफीनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या आणि शरीराला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ही माहिती छापणे सक्तीचे असावे, आणि आपल्या विद्यापीठांत नव्या उपयोगांइतकाच पैसा रक्त-फुप्फुसांवरील परिणाम तपासण्यासाठी मिळावा. वाराणसीच्या प्रयोगशाळेत धोका शोधणाऱ्यांनीच सुरक्षित वाटही दाखवली, याहून मोठा पुरावा कशाला हवा?