शाळेंतील गायनाचा तास

गेल्या वर्षीं एका प्राथमिक शाळेच्या स्नेहसंमेलनास जाण्याचा योग आला. पडदा वर गेला आणि तिसरींतील चाळीस मुलांनीं स्वागतपद्य म्हणावयास आरंभ केला. दुसऱ्या रांगेंत आमच्या शेजारच्या गृहस्थांचा मुलगा उभा होता. त्याचे ओठ अगदीं वेळेवर हालत होते. परंतु गळ्याच्या शिरा, छाती, मान यांचा मेळ कांहीं त्या ओठांशीं बसेना. कार्यक्रम संपल्यावर आम्हीं त्यास सहज विचारलें, “काय रे, आवाज बसला होता कीं काय?” तो म्हणाला, “नाहीं काका. माझ्यामुळें सूर बिघडतो. म्हणून बाईंनीं मला नुसते ओठ हलवायला सांगितलें आहे.” हें त्यानें इतक्या शांतपणें सांगितलें, कीं जणूं आपल्यास चष्मा लागला आहे, एवढेंच त्यास सांगावयाचें होतें.

मुलास यांत दुःख वाटलें नाहीं, हेंच आम्हांस अधिक दुःखाचें वाटलें. आठव्या वर्षीं ज्यानें हा निकाल निमूटपणें मान्य केला, तो पुढें जन्मभर “मला गळा नाहीं” असें म्हणत राहणार. आमच्या परिचयांतील किती तरी सुशिक्षित स्त्रीपुरुष आरतीच्या वेळीं नुसत्या टाळ्या वाजवितात. त्यांच्याशीं बोलूं लागलें म्हणजे बहुतेकांच्या लहानपणीं असाच एखादा तास, एखादी रांग आणि एखादें वाक्य निघतें. गणितांत चुकलेल्या मुलास कोणी “तूं नुसती पाटी धरून बस” असें सांगत नाहीं. त्यास पुन्हां शिकवितात. मग गाण्यांतच चुकीला शिक्षा कां, आणि तीही मौनाची कां, याचा विचार पालकांनीं व शिक्षकांनीं मिळून करावयास हवा.

प्रथम एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. दोष त्या बाईंचा नव्हे. प्राथमिक शाळेंत बहुधा एकाच शिक्षिकेस भाषा, गणित, परिसर, चित्रकला आणि गायन हें सर्व शिकवावें लागतें. मुलांचा गळा म्हणजे काय चीज आहे, हें त्यांना कोणीं शिकविलेलें नसतें. संमेलन पंधरा दिवसांवर आलेलें असतें, आणि समोर चाळीस मुलें असतात. त्यांतून त्या वेळ मारून नेतात, इतकेंच.

पूर्वीं ही अडचण शाळेपुढें नव्हती, कारण गाणें घरांत होतें. पहाटे जात्यावरची ओवी, भूपाळी, तिन्हीसांजेचा परवचा व श्लोक, भाद्रपदांतील आरत्या, आश्विनांत भोंडला, यांतून कोणीं न शिकवितां मुलांच्या कानीं सूर पडे आणि त्यांचा गळा आपोआप वळे. तेथें परीक्षाही नव्हती आणि प्रेक्षकही नव्हते. आतां जातें गेलें, आणि आरतीसुद्धां पुष्कळ घरीं ध्वनिवर्धकांतून येते. ऐकणें वाढलें, पण म्हणणें थांबलें. तेव्हां घराचें हें काम आतां शाळेच्या अंगावर आलें आहे.

गाणें वर्गांत शिकवितां येतें, हें आपल्याकडे सिद्ध झाल्यास शतकाहून अधिक काळ लोटला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं १८८६ सालीं गायनशाळा चालविली व स्वरलेखनाच्या आधारें शिक्षण देण्याचा पाया घातला. कुरुंदवाडास जन्मलेले व मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ शिकलेले पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, आणि १९०८ मध्यें मुंबईस शाखा काढली. पं. भातखंडे यांनीं ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या भागांतून घराण्यांच्या चिजा स्वरलिपींत आणून सामान्य विद्यार्थ्यापुढें ठेविल्या. या तिघांचे उपकार मोठे आहेत. परंतु त्यांच्या शाळांत येणारा विद्यार्थी गाणें शिकण्यासाठींच येत असे. दुसरी-तिसरीचा वर्ग तसा नसतो. तेथें गवयाचा मुलगाही असतो आणि ज्याच्या घरीं कधीं कोणी गुणगुणलें नाहीं तोही असतो. म्हणून संगीतविद्यालयाची रीत जशीच्या तशी प्राथमिक वर्गांत आणली तर ती फसते. आमच्या मतें ती मुख्यतः तीन ठिकाणीं फसते.

पहिलें ठिकाण पट्टीचें. सहा ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा गळा ज्या स्वरांत सहज चालतो, ते स्वर सामान्यतः पेटीच्या मधल्या सप्तकांतील पांढरी दोन ते पांढरी सहा यांच्या आसपास असतात. वयाबरोबर हा पल्ला दोन्ही बाजूंस वाढत जातो. आतां आपल्या बाई गातात कोणत्या पट्टींत? पुष्कळ स्त्रियांचा षड्ज खालच्या सप्तकांतील काळी चारच्या सुमारास असतो. म्हणजे बाईंचा मध्य षड्जच मुलांच्या सोईच्या स्वरांखालीं पडतो, मग मंद्रांतील पंचमाची गोष्टच नको. मुलें तेथें उतरूं पाहतात. गळा घोगरा होतो व स्वर एके जागीं घोटाळतो. यासच आपण ‘बेसूर’ म्हणतों! पुरुष शिक्षक असला तर दुसरीच गंमत होते. त्याचा आवाज मुलांच्या आवाजाच्या खालच्या सप्तकांत असतो. कांहीं मुलें तें ओळखून आपोआप वरच्या सप्तकांत म्हणतात. कांहीं मात्र तोच खालचा स्वर शोधीत बसतात. तेव्हां मुलांसाठीं षड्ज पांढरी दोनच्या आसपास धरावा आणि पहिलीं गाणीं षड्जापासून पंचम-धैवतापर्यंतच खेळणारीं निवडावींत. एवढ्या एका बदलानें वर्गांतील अर्धी बेसूरता नाहींशी होते, असें ज्यांनीं करून पाहिलें ते सांगतात.

दुसरें ठिकाण पेटीचें. हार्मोनियमनें महाराष्ट्रांत घरोघर गाणें नेलें, हें विसरतां येणार नाहीं. तिच्या स्वरांविषयीं विद्वानांचा वाद जुना आहे; नभोवाणीनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली होती आणि ती १९७१ पासून सैल झाली. त्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आमची तक्रार साधी आहे. शिक्षक भाता जोरानें ओढून प्रत्येक स्वर वाजवूं लागले म्हणजे मुलें एकमेकांचा व स्वतःचा आवाज ऐकतच नाहींत. पेटीवर मात करण्यासाठीं ओरडतात. ओरडण्यांत उत्साह दिसतो, पण सूर कानाला लागत नाहीं. गाणें हें निम्मे ऐकणें आहे. शिक्षकानें पट्टीचा एक स्वर द्यावा, हवा तर तंबोरा हळू ठेवावा, आणि मग केवळ तोंडानें एक ओळ म्हणावी. मुलांनीं प्रथम ऐकावी, नंतर म्हणावी, आणि ती म्हणत असतां शिक्षकानें गप्प राहून कान द्यावा. हा शेवटचा भाग सर्वांत कठीण, आणि बहुतेक ठिकाणीं तोच गळलेला असतो.

तिसरें ठिकाण क्रमाचें. सारेगमपधनी पाठ करणें म्हणजे गायनाचा आरंभ, अशी आपली समजूत आहे. पण मूल बोलावयास शिकतें तें मुळाक्षरांवरून नव्हे. तें आधीं ऐकतें, मग बोलतें. अक्षरें पुष्कळ पुढें येतात. हंगेरींतील संगीतकार झोल्टन कोडाय (१८८२–१९६७) यांनीं आपल्या देशांतील शाळांसाठीं जी दिशा दाखविली, तिचें सार हेंच आहे: आधीं आपल्या भाषेंतील लोकगीत, आधीं गळा, मग स्वरांचीं नांवें व लेखन. १९५० सालीं तेथील केच्केमेट या गांवीं रोज गायन असणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. स्वरांचीं नांवें घेतांना तेथें षड्ज कोणत्याही पट्टीवर धरतां येतो. म्हणजे आपलीच रीत झाली. आणि प्रत्येक स्वरास हाताची एक खूण असते; या खुणा इंग्लंडांतील जॉन कर्वेन यांच्या पद्धतींतून पुढें आल्या. तेथें मुलांस प्रथम दोनच स्वर देतात: आपल्या भाषेंत पंचम व त्याखालचा शुद्ध गंधार. मग धैवत, मग षड्ज-ऋषभ. पांचही स्वर जमले म्हणजे काय होतें, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. सा, रे, ग, प, ध, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर! त्यांत अर्ध्या स्वराची अडचण कोठेंच नाहीं, म्हणून लहान गळ्यास ते सोईचे. आपल्या घरांत जो राग शिकाऊ मुलांस पहिल्यानें देतात, त्याच्याच स्वरांशीं तो हंगेरियन गृहस्थ दुसऱ्या वाटेनें येऊन पोंचला, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

लयीच्या बाबतींत तर आपल्याजवळ ठेवा तयारच आहे. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पांचव्या व तेराव्या मात्रेस टाळी आणि नवव्या मात्रेस खाली, हें मुलें खेळ म्हणून दोन दिवसांत उचलतात. त्याहून लहानांसाठीं सहा मात्रांचा दादरा व आठ मात्रांचा केरवा पुरेसा आहे. अर्ध्या वर्गानें टाळी धरावी, अर्ध्यानें गावें, मग अदलाबदल करावी. यास वाद्य नको, पैसा नको. थोडी जागा आणि शेजारच्या वर्गाची सहनशीलता असली म्हणजे झालें.

आतां राहिला प्रश्न ज्याचा सूर लागतच नाहीं अशा मुलाचा. अशा बहुतेक मुलांच्या कानांत दोष नसतो. आपला गळा वर कसा न्यावयाचा, हें त्यांस सांपडलेलें नसतें. तीं बोलण्याच्याच आवाजांत गाऊं पाहतात. शेजारच्या त्या मुलास आम्हीं रविवारीं सकाळीं घरीं बोलावूं लागलों. आम्ही गवई नाहीं. परंतु तीन गोष्टी केल्या. पहिली ही, कीं त्यानें आमचा स्वर धरावा असें न म्हणतां, तो जो स्वर काढील तो पेटीवर शोधून आम्हींच त्याच्या स्वराला मिळालों. आपला आवाज दुसऱ्याशीं मिळतो म्हणजे काय वाटतें, हें त्यानें बहुधा तेव्हांच प्रथम अनुभविलें. त्याचे डोळे एकदम चमकले. दुसरी ही, कीं अग्निशामक बंबाचा भोंगा जसा चढत उतरत जातो, तसा आवाज त्यास काढावयास लाविला. गाण्यांत न चढणारा गळा खेळांत सहज चढला. तिसरी, हांकेचा खेळ. आम्हीं पंचम-गंधारांत त्याचें नांव घेऊन हांक मारावयाची आणि त्यानें त्याच दोन स्वरांत “ओ” द्यावयाची. वर्गांत हजेरी घेतांना हाच खेळ केला, तर प्रत्येक मूल रोज एकदां एकटें गाईल आणि त्यास त्याचा पत्ताही लागणार नाहीं.

यांतून चमत्कार घडला असें आम्हीं म्हणणार नाहीं. पहिल्या महिन्यांत त्याचे दोन स्वर स्थिर झाले, दिवाळीपर्यंत चार. मध्यम अजूनही निसटतो. परंतु त्याच्या बाईंस आम्ही जाऊन भेटलों व हें सर्व सांगितलें, तेव्हां त्या जराही रागावल्या नाहींत. उलट त्या म्हणाल्या, “मला वाटत होतें, मुलांनाच वर जमत नाहीं. मी माझ्या पट्टींत गात होतें, हें कधीं सुचलेंच नाहीं हो!” दुसऱ्या आठवड्यांत त्यांनीं पट्टी वर घेतली. ओठ हलविणारीं आणखी तीन मुलें त्या वर्गांत होतीं, हें आम्हांस तेव्हां कळलें.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें कला हा अभ्यासाबाहेरचा विषय नसून अभ्यासाचाच भाग आहे, असें म्हटलें आहे. कागदावर तें शोभून दिसतें. परंतु तें वर्गांत उतरावयाचें तर शिक्षकांच्या प्रशिक्षणांत मुलांचा गळा, पट्टी व ऐकण्याची शिस्त यांस कांहीं तास मिळाले पाहिजेत.

आणि पालकांनीं काय करावें? मुलास गायनाच्या परीक्षेस बसविण्याची घाई करूं नये. त्या परीक्षा ज्याच्या त्या वेळीं चांगल्याच आहेत; पण सातव्या वर्षीं प्रमाणपत्राहून गाण्याची संवय मोलाची. मूल चुकीचें गात असतां हंसूं नये, आणि पाहुण्यांपुढें “म्हणून दाखव” असा आग्रहही धरूं नये. मुख्य म्हणजे घरांत स्वतः गावें, बरें असो वा वाईट असो. आई-वडील ज्या घरीं गातात, त्या घरच्या मुलास गाणें ही दुसऱ्यांनीं करावयाची गोष्ट वाटत नाहीं.

यंदा गणपतींत शेजारी आरतीस गेलों होतों. तो मुलगा झांज घेऊन पुढें उभा होता आणि मोठ्यानें म्हणत होता. मधून मधून सूर चुकत होता. त्याचे वडील मात्र आजवर नुसत्या टाळ्या वाजवीत असत. ते या वेळीं मुलाकडे पाहून हळूहळू म्हणूं लागले. तेही चुकत होते. पण कोणीं कोणास थांबविलें नाहीं.