नेतृत्वाचे नित्यपाठ : हैदराबादच्या एका सभेतून



आपण ज्या नल्लकुंट्यात राहतो त्याचे नावच तेलुगू आहे. ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंट’ म्हणजे लहान तळे. आपल्या मराठी घरांतून हे नाव रोज उच्चारले जाते. त्याचा अर्थ मात्र क्वचितच विचारला जातो. शब्द कानावर पडणे वेगळे आणि तो ऐकून घेणे वेगळे. घरी किंवा कामाच्या ठिकाणी चार माणसांचे पुढारपण ज्याच्याकडे येते, त्याने हा भेद जाणणे फार आवश्यक आहे. त्या दृष्टीने आपल्याच शहरातील एक घटना येथे सांगत आहोत.

नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादच्या विवेकवर्धिनी संस्थेत निजाम संस्थानातील सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. विधवांसाठी व स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे अध्यक्षस्थानी होते. आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूतून बोलू लागताच श्रोत्यांपैकी काहींनी गोंगाट करून त्यांची थट्टा केली. वस्तुतः संस्थानातील निम्म्याच्या आसपास प्रजेची मातृभाषा तेलुगूच होती.

दुखावलेली काही तेलुगू मंडळी त्याच रात्री टेकुमाल रंगराव यांच्या घरी जमली आणि आंध्र जनसंघाचा पाया घातला गेला. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेट येथे सुरवरम प्रतापरेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली भरले.

हे सांगताना आम्हास संकोच वाटतो, कारण ती संस्था व त्या सभेतील बरीच मंडळी आपली मराठीच होती. शिवाय ती वाईट माणसे नव्हती. समाजाचे भले करण्यासाठीच एकत्र आली होती. म्हणूनच या घटनेतून शिकण्यासारखे बरेच आहे.

१) सभागृह म्हणजे सगळे गाव नव्हे. आपल्याभोवती बसलेल्यांची संमती म्हणजे सर्वांची संमती, असे प्रमुखाला सहज वाटू लागते. निर्णयापूर्वी ‘येथे कोण बोललेले नाही?’ हा प्रश्न विचारावा. उत्सवाची आखणी करताना स्वयंपाकी व सफाई करणारे यांनाही विचारले, तर अडचणी आधीच कळतात.

२) हसू थांबवणे हे प्रमुखाचे काम आहे. तो स्वतः हसला नाही, एवढे पुरेसे होत नाही. नवख्या कर्मचाऱ्याच्या प्रश्नावर बैठकीत हशा पिकला आणि साहेब गप्प राहिले, की तो पुन्हा विचारीत नाही. पुढची चूक मग कोणाच्याच लक्षात येत नाही.

३) वडीलधाऱ्यांनी शेवटी बोलावे. कर्त्या माणसाने आरंभीच मत सांगितले की इतरांच्या बोलण्यात केवळ होकार उरतो. आधी सर्वात लहानाला बोलू द्यावे.

४) घरातही हेच लागू आहे. येथे वाढलेली नातवंडे मराठी बोलताना अडखळतात, मध्येच तेलुगू किंवा हिंदी शब्द आणतात. आपण कौतुकानेच हसतो. पण मूल त्या दिवसापासून मराठी बोलायचे टाळते, आणि दोष मात्र आपण शाळेला देतो. तेलुगू माहेरची सूनबाई आपले म्हणणे मराठीत जुळवीत असेल, तर तिचे वाक्य आपण पुरे करू नये, थांबावे.

५) चूक झाल्यास स्वतः जावे. ज्याचा अपमान झाला तो आपण होऊन येईल, अशी वाट पाहू नये. त्याच दिवशी, शक्य तर सर्वांसमक्ष, ‘आमचे चुकले’ म्हणावे. १९२१ च्या त्या रात्री दुखावलेली माणसे आपल्याच माणसांकडे गेली. रात्र उलटल्यावर अंतर वाढत जाते.

आंध्र महासभेच्या १९३१ च्या देवरकोंडा अधिवेशनाचे अध्यक्ष बुर्गुल रामकृष्णराव हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले होते. १९५२ साली तेच हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. मराठी व तेलुगू मंडळींमध्ये संवादाची वाट होतीच, हे यावरून दिसते. त्या दिवशी सभेत थोडा धीर धरला गेला असता, तर ती वाट तेथेच सापडती.

वरील पाच गोष्टींपैकी एक तरी आपण सर्वांनी आजपासून आचरणात आणावी, आणि आपल्या पुढील सभेत आम्हा विश्वस्तांकडून ती राहून गेली, तर तेथेच आम्हास निःसंकोच सांगावे, अशी नम्र विनंती आहे.