डब्यावरचे लुमेन आणि रस्त्यावरचा उजेड

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. काही ट्रॉल्यांना मागे ना दिवा असतो, ना चमकणारी पट्टी. अशा रस्त्यावर नीट दिसावे म्हणून अनेक जण गाडीतला हॅलोजन बल्ब काढून बाजारातला एलईडी बसवून घेतात. पांढराशुभ्र उजेड पडतो, मालक खूश होतो. समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात आणि त्याच क्षणी पुढची ट्रॉली त्याला दिसेनाशी होते.

आकड्यांचा खेळ

एलईडीच्या डब्यावर ‘२०,००० लुमेन’ असे आकडे सर्रास छापलेले असतात. लुमेन म्हणजे बल्बमधून सगळीकडे बाहेर पडणारा एकूण प्रकाश. अनेक गाड्यांत असलेला एच-४ हॅलोजन बल्ब डिपरवर सुमारे १,००० आणि अप्परवर सुमारे १,६५० लुमेन देतो. मग एलईडी खरेच वीसपट प्रखर असतो का? हिशेब सोपा आहे. घरातला ९ वॅटचा एलईडी साधारण ९०० लुमेन देतो, म्हणजे वॅटमागे १००. चांगल्या प्रतीचा १५० पर्यंत जातो. ३० वॅटच्या बल्बकडून त्यामुळे फार तर तीन ते साडेचार हजारांची अपेक्षा धरता येते. शिवाय तापल्यावर एलईडीचा उजेड घटतो. दुकानात पहिल्या मिनिटाला दिसलेली चमक अर्ध्या तासाने तेवढीच राहत नाही.

उजेड कुठे पडतो?

चालकाच्या कामाचे माप लुमेन नव्हे, तर लक्स. म्हणजे रस्त्याच्या ठरावीक जागी पडणारा प्रकाश. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. तार, वाटी आणि रिफ्लेक्टर यांच्या मापातूनच उजेडाची वरची कड तयार होते. एलईडीची चिप तारेपेक्षा रुंद असते, तिची जागा जरा जरी चुकली तरी प्रकाश फाकतो. गाडीजवळचा रस्ता लख्ख दिसतो. डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचे उलट कमी दिसते. फाकलेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३,२०० केल्विनचा, पिवळसर. बाजारातले बरेच एलईडी ६,००० केल्विनचे, निळसर. निळसर प्रकाश डोळ्यांना अधिक खुपतो. वयाबरोबर डोळ्यातले भिंग गढूळ होते, प्रकाश आतच पसरतो. म्हणून साठीनंतर, विशेषतः मोतीबिंदू असल्यास, दिपलेली नजर पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे गेलेली असते.

म्हणूनच बल्ब आणि दिवा यांची चाचणी एकत्र व्हावी लागते. जर्मनीत २०२० मध्ये अशा एलईडीला प्रथम मान्यता मिळाली, तीही ठरावीक मॉडेलच्या गाड्यांपुरती. वाहनांची चाचणी करणारी व्हीआरडीई ही केंद्र सरकारची संस्था तर अहिल्यानगरातच आहे.

भिंतीवरची परीक्षा

घरच्या घरीही तुलना करता येते. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून डिपर लावावा. उजेडाची वरची कड रेखीव आणि डावीकडे किंचित चढलेली दिसली पाहिजे. कडेच्या वर, विशेषतः उजवीकडे, प्रकाश सांडत असेल, तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. मोबाइलच्या लक्स ॲपने आधी जुना आणि मग नवा बल्ब एकाच जागी मोजावा. आकडा अचूक नसला तरी फरक कळतो.

उजेड कमी वाटत असेल, तर आधी पिवळी पडलेली काच साफ करावी, दिव्याचा कोन नीट करून घ्यावा आणि वायरिंग तपासावे. हॅलोजनला मिळणारे व्होल्टेज ५ टक्क्यांनी घटले तरी उजेड सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतो. पुष्कळदा दोष बल्बचा नसतोच.