पट्टीशिवायची रेघ

सहावीच्या वर्गावर गेले की पहिल्याच तासाला मी मुलांच्या पट्ट्या गोळा करून कपाटात ठेवते. दिवाळीपर्यंत त्या बाहेर निघत नाहीत. पालक विचारतात, ‘चित्रकलेला पट्टी नको?’ नको. आधी हाताला रेघ कळू दे.

मी लहान असताना बाईंनी माझी एक वाकडी रेघ पाचदा खोडायला लावली होती. शेवटी कागद फाटला. पुढे कितीतरी वर्षं मी तुटक तुटक, हलक्या हाताने रेघ काढत राहिले. चुकली तर पुसता यावी म्हणून. माझ्या वर्गातही अशी मुलं दरवर्षी असतात. त्यांच्या त्या केसाळ रेघेत मला त्यांची भीती दिसते.

लग्न होऊन मी साताऱ्याहून उज्जैनला आले. शिंद्यांच्या काळापासून इथं मराठी घरं आहेत, पण वर्गात सगळं हिंदी आणि माळवी. पुस्तकात रेघेचे प्रकार असतात: उभी, आडवी, तिरपी, नागमोडी. मुलं ते धडाधड म्हणून दाखवतात. माणसं रेघ ओढतात कशासाठी, हे मात्र राहून जातं. आणि उज्जैन तर रेघांचंच गाव. जुन्या ज्योतिषगणितात मध्यरेखा उज्जयिनीवरून जाते, कर्कवृत्तही इथून जवळच. म्हणून आमचा रेघेचा प्रकल्प वर्गाबाहेर सुरू होतो.

पितृपक्षात माळव्यातल्या मुली संध्याकाळी भिंतीवर शेणाने संजा मांडतात, वर फुलांच्या पाकळ्या लावतात आणि गाणी म्हणतात. आपल्या भोंडल्याची, खानदेशातल्या भुलाबाईची ही बहीणच. रोज नवी आकृती, शेवटी मोठा किलाकोट. आम्ही वर्गात ओल्या मातीच्या वळ्या करून पुठ्ठ्यावर दाबतो. रेघ जाड झाली, बारीक झाली, कुठे तुटली, हे इथं बोटांना आधी समजतं.

त्याच सुमारास २३ सप्टेंबर येतो. क्षिप्रेकाठी सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. तिथल्या शंकुयंत्राच्या चौथऱ्यावर रेषा आखलेल्या आहेत आणि मधल्या शंकूच्या सावलीचं टोक त्यांवरून सरकतं. तेच आम्ही शाळेच्या अंगणात करतो. सपाट जागी हातभर काठी उभी रोवायची आणि सकाळी दहापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूचा ठिपका द्यायचा. दोन वाजता ठिपके जोडले की पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेली सरळ रेघ समोर असते. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून ती सरळ येते. डिसेंबरात तीच काठी, तेच अंगण. पण रेघ धनुष्यासारखी वाकते. एका मुलाने विचारलं होतं, ‘मॅडम, ये किसने खींची?’ ‘सूर्याने,’ मी म्हटलं. तो बराच वेळ तिच्या शेजारी उकिडवा बसून होता.

मग येतात विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे हरिभाऊ. जन्म नीमचचा, १९१९ सालचा, कर्मभूमी उज्जैन. १९५७ साली आगगाडीतून जाताना त्यांना भीमबेटकाचे खडक दिसले. ते तिथं जाऊन पोहोचले आणि हजारो वर्षांपूर्वीची चित्रं जगासमोर आली. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा ठरला. हरिभाऊ स्वतः चित्रकार. शैलचित्रांच्या नकला त्यांनी हाताने काढल्या. मी मुलांना त्या चित्रांतली नाचणारी माणसं दाखवते. कुणाला नाक-डोळे नाहीत. दोन-चार रेघांचं अंग, तरी कोण पळतोय आणि कोण धनुष्य ताणतोय ते लगेच कळतं. मुलं मग मैदानावरच्या कबड्डीचा खेळ तशाच रेघांत काढतात, आणि तो तास मला पुरत नाही.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे मांडणा, जमिनीवर काढायची इथली नक्षी. दिवाळीच्या आधी शेजारच्या काकीजींना मी वर्गात बोलावते. आपली रांगोळी कोरडी, चिमटीतून पडणारी, मांडणा ओला. सारवलेल्या जमिनीवर गेरू, आणि गेरूवर पांढऱ्या खडीची रेघ. काकीजी खडीत भिजवलेला कापसाचा बोळा मुठीत धरतात. दाबला की पांढरं पाणी अनामिकेवरून ओघळतं आणि बोट जिकडे जाईल तिकडे रेघ जाते. दाब कमी झाला की ती विरते, हात थांबला की थेंब साचतो. काकीजी बोटाकडे पाहत नाहीत. नजर रेघेच्या पुढे, जिथं जायचं तिथं असते. ओली रेघ आधी पुसट दिसते, वाळत जाते तशी पांढरीशुभ्र उमटते. म्हणजे काढताना ती नीट दिसतही नाही. तरीही काढायची.

मुलं फळ्यांवर गेरू लावून बसतात. पहिला बोळा दाबताच मनगटापर्यंत ओघळ येतो. एक मुलगी रडवेली झाली होती, ‘टेढी हो गई.’ गेरूवर खोडरबर चालत नाही. काकीजी तिच्याजवळ बसल्या, त्या वाकड्या रेघेच्या शेजारी तशीच वाकडी दुसरी रेघ ओढली, आणि दोन्हींच्या मध्ये आडव्या बारीक रेघा भरल्या. वेल झाली. मुलीने पुढची रेघ कोपरापासून हात हलवत, न थांबता ओढली. तोवर तुटक रेघ काढणारी हीच मुलगी होती.

दिवाळीनंतर मी पट्ट्या परत देते. भूमितीला त्या लागतातच. पण चित्राच्या वहीवर तोवर बहुतेकांचा हात मोकळा झालेला असतो.

तुमच्या घरी मूल असेल, तर येत्या २१ मार्चला त्याच्यासोबत अंगणात किंवा गच्चीवर हातभर काठी उभी करा. ढग असले तर एक-दोन दिवस मागे-पुढे चालेल. ठिपके त्यालाच देऊ द्या आणि ते जोडणारी रेघही त्यालाच ओढू द्या, पट्टीशिवाय.