कावेरीतील महसीर : गळाला लावावा कसा आणि सोडावा का

बंगळूरुच्या राजाजीनगरात नळाला येणारे पाणी मुख्यतः कावेरीचे आहे. शिवनसमुद्राच्या परिसरातून हे पाणी शहरात आणण्याची योजना १९७४ साली सुरू झाली. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, भीमेश्वरी, गालिबोरे आणि दोड्डमाकळी ही ठिकाणे आहेत. गळाने मासे धरण्याचा छंद असणाऱ्यांना ही नावे जगभर परिचित आहेत, ती महसीर या माशामुळे. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका सदस्याने कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलो वजनाचा महसीर गळाने धरला होता.

हा मासा धरावा कसा, याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे. महसीरला स्वच्छ, वाहते आणि प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. खळाळ जिथे संपतो आणि डोह जिथे सुरू होतो, तिथे किंवा मोठ्या खडकाआड, प्रवाहाची ओढ कमी असेल अशा जागी तो दबा धरून असतो. पावसाळ्यानंतर पाणी निवळले की, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ गळासाठी अनुकूल ठरतो. पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या चरण्याच्या वेळा समजल्या जातात.

नाचणीचा गोळा

कावेरीकाठचे प्रसिद्ध आमिष म्हणजे नाचणी. नाचणीचे पीठ घट्ट मळून, त्यात वासासाठी मसाला घालून गोळे उकडले जातात. लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा गळावर बसवून तो शिशाच्या वजनाने तळाशी सोडतात. गोळा चिवट हवा. अन्यथा लहान मासे तो टोचून संपवतात आणि मोठ्या माशाला काहीच उरत नाही.

महसीरच्या जबड्यात दात नसतात. त्याचे दात घशात असतात आणि त्यांनी तो खेकडे व शिंपले चुरडतो. कमकुवत गळही याच दातांखाली मोडतो. म्हणून गळ मजबूत आणि दोरी जाड असावी लागते. मासा गळाला लागताच प्रवाहाच्या दिशेने सुसाट धाव घेतो. त्या वेळी त्याला अडवू नये. काठी उंच धरावी, रिळावरची दोरी ताण राखून सुटू द्यावी आणि मासा खडकांकडे वळू लागला तर काठावरून किंवा टोपलीच्या आकाराच्या गोल होडीतून त्याचा पाठलाग करावा. या होड्या वल्हवणारे स्थानिक नावाडी नदीचा तळ जाणतात आणि अनेकदा त्यांच्या ज्ञानावरच यश अवलंबून असते.

धरणे आणि सोडणे

या पट्ट्यातील शिबिरांमध्ये धरलेला मासा पुन्हा नदीत सोडण्याचा नियम होता. त्यासाठी गळाचा उलटा काटा दाबून सपाट करावा, म्हणजे तो सहज निघतो. माशाला शक्यतो पाण्यातच ठेवावे आणि ओल्या हातांनीच धरावे. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून आधार द्यावा आणि तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत थांबावे. दमलेला मासा घाईने सोडल्यास तो मरू शकतो.

गालिबोरेच्या शिबिरात १९९८ ते २०१२ या काळात अशा सहा हजारांहून अधिक महसीरांची नोंद झाली. या नोंदींचा शास्त्रज्ञांनी पुढे अभ्यास केला. गळाला लागणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढली होती, तर सरासरी वजन घटले होते. वरवर पाहता ही चांगली बातमी होती. परंतु वाढलेले मासे निळ्या परांच्या महसीराचे होते. कावेरीचा मूळचा, नारंगी शेपटीचा आणि पाठीवर उंचवटा असलेला महसीर मात्र जवळजवळ दिसेनासा झाला होता.

महाराष्ट्राशी नाते

निळ्या परांच्या महसीराचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे वर्णन केले. लोणावळ्याच्या वळवण येथील टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास होऊ लागली आणि तेथील पिले देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत पोहोचली. त्यांत कावेरीही होती. हेतू संवर्धनाचा होता. मात्र बाहेरून आलेल्या या जातीने स्थानिक जातीची जागा घेतली असावी, असे संशोधकांचे मत आहे.

कावेरीतील मूळ महसीराची शास्त्रीय ओळख २०१८ साली टॉर रेमादेवी या नावाने निश्चित झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले, तर टॉर खुद्रीला धोक्याच्या यादीतून वगळले. एका नदीचा मासा सावरला आणि दुसऱ्या नदीचा हरवू लागला.

भीमेश्वरीचा परिसर कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तेथील गळाची मासेमारी २०१२ मध्ये बंद झाली. या बंदीविषयी मतभेद आहेत. शिबिरांमुळे नदीवर पहारा राहत होता आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना वचक बसत होता, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे.

छंद म्हणून गळ टाकू इच्छिणाऱ्यांनी प्रथम त्या जागी परवानगी आहे का, हे वन आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडे विचारावे. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या डोहांत तर देवस्थानाच्या श्रद्धेमुळे लोक महसीर धरतच नाहीत. आणि एका नदीतील पिले दुसऱ्या नदीत कोणीही, चांगल्या हेतूनेही, सोडू नयेत. मासा धरण्याची कला जितकी जुनी आहे, तितकाच तो कोणत्या पाण्याचा आहे हे ओळखण्याचा विवेक आता गरजेचा झाला आहे.